साठ वर्षांचे चुकलेले निदान : पचनमार्गातील जिस्ट गाठींचा शोध

विसाव्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासात असा एक कर्करोग आहे, जो शस्त्रक्रियेत काढला जात होता, काचपट्टीवर रंगवून पाहिला जात होता, ज्याची छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत छापली जात होती, आणि तरीही सुमारे साठ वर्षे तो दुसऱ्याच रोगाच्या नावाने नोंदला जात होता. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढणारी ही गाठ आज ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर’ किंवा थोडक्यात ‘जिस्ट’ या नावाने ओळखली जाते. दर वर्षी दर दहा लाख लोकांमागे साधारण दहा ते पंधरा जणांना होणारा हा रोग दुर्मीळच म्हणावा लागतो. परंतु शरीरातून काढलेल्या ऊतीला, म्हणजे पेशींच्या समूहाला, वैद्यकाने कोणकोणते प्रश्न विचारले आणि विचारलेला प्रश्न अपुरा असल्यामुळे चुकीचे उत्तर किती काळ खरे मानले गेले, हे या रोगाच्या निदानाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

पचनमार्गाची भिंत अनेक थरांची असते. पोकळीकडच्या बाजूला अस्तराप्रमाणे पसरलेला पेशींचा थर म्हणजे अभिस्तर; जठराचे आणि आतड्याचे बहुसंख्य कर्करोग या थरातून उगवतात आणि त्यांना कार्सिनोमा म्हणतात. अभिस्तराखाली संयोजी ऊती आणि रक्तवाहिन्या असतात, त्यापलीकडे अरेखित स्नायूंचे, म्हणजे इच्छेच्या ताब्यात नसलेल्या स्नायूंचे दोन थर असतात, आणि त्या दोन थरांच्या दरम्यान मज्जातंतूंचे एक दाट जाळे पसरलेले असते. या खोल भागातून निघणाऱ्या गाठी संख्येने थोड्या आणि वागण्याने फसव्या असतात. त्या पोकळीत न वाढता भिंतीतच फुगतात, त्यामुळे रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही. कधी आतल्या आत रक्तस्राव होऊन पंडुरोग जडतो, तर कधी पोटात हाताला लागेल एवढी गाठ झाल्यावरच रुग्ण डॉक्टरकडे येतो. दुर्बिणीने जठर आतून तपासले तरी वरचे अस्तर शाबूत आणि गुळगुळीत दिसते, आणि वरवर घेतलेल्या चिमटीत निरोगी अभिस्तराखेरीज काही हाती लागत नाही. म्हणून या गाठींचे निदान पूर्वीपासून प्रामुख्याने शस्त्रक्रियेनंतर, काढलेल्या गाठीच्या तपासणीतूनच होत आले.

ती तपासणी विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात एकाच पद्धतीने होत असे. फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये फॉर्मॅलिनचा उपयोग ऊती टिकवण्यासाठी करता येतो हे दाखवून दिल्यानंतर काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे, मग तो पॅराफिन मेणात बसवून त्याचा ठोकळा करणे, त्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप घेणे, आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी पेशींची केंद्रके निळसर आणि भोवतालचा भाग गुलाबी करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा क्रम जगभर रूढ झाला. या क्रमातून पेशीचा आकार आणि रचना कळते; पेशी कोणत्या कुळातली आहे हे मात्र आकारावरून ताडावे लागते, आणि घोटाळा नेमका या ताडण्यात झाला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आर्थर पर्डी स्टाउट हे त्या काळातील शस्त्रक्रियाविषयक विकृतिशास्त्राचे, म्हणजे काढलेल्या ऊतींवरून रोग ओळखण्याच्या शास्त्राचे, सर्वमान्य आचार्य होते. मूळचे शल्यविशारद असलेल्या स्टाउट यांचा मऊ ऊतींच्या गाठींचा व्यासंग असाधारण होता. गोल्डन या सहकाऱ्यासह त्यांनी १९४१ मध्ये पचनमार्गातील आणि पोटाच्या मागील भागातील अरेखित स्नायूंच्या गाठींवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. भिंतीतल्या या गाठींमधील पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीच्या आकाराच्या होत्या आणि त्यांचे गुच्छ एकमेकांना छेदत गेलेले होते. अरेखित स्नायूंच्या पेशीही अशाच दिसतात, आणि गाठ तर स्नायूंच्या थरातच वाढलेली होती. तेव्हा ती स्नायूचीच असणार हा निष्कर्ष त्या काळच्या साधनांनी पाहता अवाजवी नव्हता. सौम्य गाठीला लिओमायोमा आणि घातक गाठीला लिओमायोसार्कोमा म्हणावे, असे ठरले. सार्कोमा म्हणजे अभिस्तराऐवजी संयोजी किंवा स्नायू ऊतीतून उद्भवलेला कर्करोग.

परंतु काही गाठी या चौकटीत बसत नव्हत्या. फ्रान्समध्ये मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये जठराच्या भिंतीतील अशा सहा गाठींचे वर्णन केले, ज्यांच्या पेशी चातीसारख्या नसून गोलसर आणि फिकट होत्या. दोन वर्षांनी स्टाउट यांनी अशाच गाठींचा मोठा संग्रह तपासून त्यांना ‘जठरातील विचित्र अरेखित स्नायू गाठी’ म्हटले आणि लिओमायोब्लास्टोमा ही संज्ञा प्रचारात आणली. विशेषण ‘विचित्र’ लावले, पण नाम ‘स्नायू’ हेच राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विसंगती दिसली तेव्हा मूळ गृहीतक तपासण्याऐवजी एक उपप्रकार वाढवला गेला, आणि स्टाउट यांच्या अधिकारामुळे तो उपप्रकार पुढची दोन दशके निर्वेधपणे टिकला. याहून गंभीर अडचण रुग्णाच्या भवितव्याची होती. सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी दिसलेली गाठ पाच-दहा वर्षांनी यकृतात प्रकट होई, तर भीतीदायक दिसणारी गाठ काढल्यावर रुग्ण आयुष्यभर ठणठणीत राही. एखादे निदान रुग्णाचे पुढे काय होईल हे सांगू शकत नसेल, तर ते निदानच चुकीचे असण्याची शक्यता असते; पण ही शंका तेव्हा फारच थोड्यांनी बोलून दाखवली.

शंकेला आधार मिळाला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. अरेखित स्नायूच्या पेशीत आकुंचन घडवणाऱ्या बारीक तंतूंच्या समांतर जुड्या आणि त्या जुड्यांना धरून ठेवणारे दाट ठिपके असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या गाठी हजारो पटींनी मोठ्या करून पाहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा अनेक गाठींत हे तंतू एकतर अर्धवट आढळले किंवा आढळलेच नाहीत. दुसरे साधन होते प्रतिपिंडांचे. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून ते प्रथिन कापात नेमके कुठे आहे हे रंगाने दाखवण्याच्या या तंत्राला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. त्याचा पाया हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये, म्हणजे स्टाउट यांचा निबंध आला त्याच वर्षी घातला होता, पण केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच जातीचे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे निर्माण करण्याची युक्ती शोधल्यानंतरच ते रोजच्या प्रयोगशाळेत पोहोचू शकले. आकारावरून कूळ ताडण्याची गरज आता उरली नव्हती, कारण पेशी कोणते प्रथिन बनवते हे थेट विचारता येत होते.

हा प्रश्न १९८३ मध्ये मायकेल मझूर आणि एच. ब्रेंट क्लार्क या दोन अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी जठराच्या भिंतीतील गाठींना विचारला. स्नायूची पक्की खूण मानली जाणारी रचना बहुतेक गाठींत नव्हती. काहींत मात्र मज्जातंतूंशी संबंधित असलेले एस-१०० हे प्रथिन होते. या गाठी स्नायूच्या नाहीत असे त्यांनी स्पष्ट मांडले, त्या आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या जाळ्याशी निगडित असाव्यात असे सुचवले, आणि कोणत्याही विशिष्ट पेशीशी बांधून न घेणारी ‘स्ट्रोमल’, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीतील, ही सावध संज्ञा वापरली. या संज्ञेचे श्रेय अनेकदा केवळ नामकरण म्हणून नोंदले जाते, ते अपुरे आहे. चाळीस वर्षे टिकलेले उत्तर बाजूला सारून तिथे दुसरे तितकेच ठाम उत्तर बसवण्याचा मोह टाळणे आणि प्रश्न उघडा ठेवणे हे त्यांचे खरे कार्य होते. त्यानंतरच्या दशकात मात्र गोंधळ वाढलाच. काही गाठींत स्नायूची प्रथिने, काहींत मज्जातंतूची, काहींत दोन्ही, तर काहींत एकही नाही, असे आढळत गेले. मज्जातंतूसारख्या दिसणाऱ्या गाठींचा वेगळा वर्ग काढून त्यांना स्वायत्त मज्जातंतूंच्या गाठी म्हटले गेले. आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला सीडी ३४ हे प्रथिन बहुसंख्य गाठींत सापडले, पण तेही रक्तवाहिन्यांपासून इतर अनेक गाठींपर्यंत सर्वत्र सापडत असल्यामुळे त्यावर निदान उभे राहू शकत नव्हते.

उत्तर आले ते वेगळ्याच दिशेने, आणि त्याची सुरुवात माद्रिदच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांच्यापाशी होते. मज्जासंस्थेच्या रचनेवरील कार्यासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक कामिल्लो गोल्गी यांच्यासह मिळवणाऱ्या काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतड्याच्या भिंतीत, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधोमध, लांब फांद्या असलेल्या काही पेशी पाहिल्या होत्या आणि त्यांना एक प्रकारच्या आद्य मज्जापेशी मानले होते. या पेशी खरोखर काय करतात हे पुढे अनेक दशके वादाचा विषय राहिले. कित्येकांनी तर त्यांना संयोजी ऊतीच्या सामान्य पेशी म्हणून मोडीत काढले. डेन्मार्कचे लार्स टुनेबर्ग यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या पेशी जशा असतात तशा या आतड्याची लय ठरवणाऱ्या पेशी आहेत, म्हणजे अन्न पुढे ढकलणाऱ्या संथ लाटांचा उगम त्यांच्यात आहे.

त्याच सुमारास दुसरीकडे उंदरांच्या अंगावरील पांढऱ्या डागांचा अभ्यास चालू होता. आनुवंशिक कारणाने पोटावर पांढरे डाग असलेल्या उंदरांच्या एका जातीत रक्तक्षय, वंध्यत्व असे इतरही दोष आढळत, आणि जपानमधील युकिहिको कितामुरा यांनी १९७८ मध्ये दाखवले की या उंदरांत ॲलर्जीशी निगडित असलेल्या मास्ट पेशी जवळजवळ नसतातच. न्यूयॉर्कमध्ये पीटर बेस्मर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांजरांत सार्कोमा निर्माण करणाऱ्या एका विषाणूत ‘किट’ नावाचे जनुक शोधले. पुढच्या वर्षी मानवातील त्याचे मूळ रूप सापडले, आणि १९८८ मध्ये हे सिद्ध झाले की डागांच्या उंदरांतील बिघडलेले जनुक हेच होय. किट जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेले असते. बाहेरून ‘स्टेम सेल फॅक्टर’ हे संदेशवाहक प्रथिन येऊन चिकटले की त्याचा आतला भाग, ज्याला टायरोसिन कायनेझ म्हणतात, कार्यान्वित होतो आणि पेशीला वाढण्याचा व विभागण्याचा आदेश देतो. संदेश थांबला की तो भागही थांबतो. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांना किट प्रथिनाची कोंडी करणारे प्रतिपिंड टोचले तेव्हा त्यांच्या आतड्यांची लयबद्ध हालचाल बिघडली, आणि १९९५ मध्ये कॅनडातील यान हुइझिंगा यांच्या गटाने दाखवले की किट जनुक सदोष असलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात काहाल यांनी पाहिलेल्या त्या पेशींचे जाळे आणि संथ लाटा या दोन्ही गोष्टी नसतात. पांढरे डाग, मांजरांचा विषाणू आणि आतड्याची लय अशा तीन परस्परांशी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एका जनुकापाशी एकत्र आल्या, आणि यांपैकी कोणत्याही टप्प्यावर जठराच्या गाठींचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. उपयोग विचारून संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा, इतका तो मोलाचा आहे.

ओसाका विद्यापीठात कितामुरा यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ सेइची हिरोता यांनी हे सारे धागे पकडले. काहाल पेशींत किट आणि सीडी ३४ ही दोन्ही प्रथिने असतात, आणि भिंतीतील या अनामिक गाठींतही सीडी ३४ असते, तर या गाठी त्या पेशींशी नाते सांगणाऱ्या तर नसतील, असा त्यांचा तर्क होता. २३ जानेवारी १९९८ च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा निबंध आला. त्यांनी तपासलेल्या ४९ गाठींपैकी ४६ गाठींत, म्हणजे ९४ टक्क्यांत, किट प्रथिन आढळले. तुलनेसाठी तपासलेल्या खऱ्या स्नायूगाठींत ते नव्हते. निबंधाचे वजन मात्र याहून पुढच्या भागात आहे. पाच गाठींतील किट जनुकाचा क्रम वाचला असता, प्रथिनाचा जो भाग पेशीच्या आवरणाच्या लगेच आतल्या बाजूला असतो तिथे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या मजकुरातील कायमचा बदल, सापडले, आणि हे बदललेले प्रथिन बाहेरून कोणताही संदेश नसताना, अडकून बसलेल्या खटक्याप्रमाणे, सतत चालूच राहत होते. हे जनुक उंदराच्या रक्तपेशींच्या कुळातील पेशींत घातले असता त्या पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणे वागू लागल्या. याचा अर्थ किट ही या गाठीची केवळ खूण नव्हती. ते तिचे कारण होते. निदानासाठी वापरायचे प्रथिन आणि रोगाला जन्म देणारे प्रथिन एकच असावे, असा योग वैद्यकाच्या इतिहासात फार थोड्या वेळा आला आहे.

त्याच वर्षी स्वीडनमधील गोटेनबर्गच्या लार्स-गुनार किंडब्लोम यांच्या गटाने स्वतंत्रपणे या गाठींचे काहाल पेशींशी असलेले साम्य दाखवून त्यांना आतड्याच्या लयपेशींच्या गाठी म्हणावे असे सुचवले. जपानमध्येच एका कुटुंबात पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अशा गाठींमागे जन्मजात किट उत्परिवर्तन असल्याचे निशिदा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आणि फिनलंडच्या मारित सार्लोमो-रिकाला व मार्कू मिएत्तिनेन यांनी किट प्रथिनाची प्रतिपिंड-तपासणी, जी प्रयोगशाळांत सीडी ११७ या नावाने ओळखली जाते, निदानासाठी किती विश्वासार्ह आहे हे दाखवले. स्नायूची म्हणून, मज्जातंतूची म्हणून, विचित्र म्हणून वेगळ्या ठेवलेल्या गाठी एकाच तपासणीने एका नावाखाली आल्या.

हे सारे विद्वानांच्या वर्तुळातच राहिले असते, तर जिस्टचा इतिहास वर्गीकरणाच्या दुरुस्तीपुरता उरला असता. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या या गाठींवर तेव्हाच्या केमोथेरपीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. पण त्याच काळात स्वित्झर्लंडमधील नोव्हार्टिस कंपनीच्या प्रयोगशाळेतील निकोलस लायडन आणि अमेरिकेतील ओरेगनचे ब्रायन ड्रुकर हे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी इमॅटिनिब नावाच्या औषधावर काम करत होते, आणि त्या रोगातील टायरोसिन कायनेझ अडवणारे हे औषध किट प्रथिनालाही अडवते, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. हेलसिंकी येथील हेक्की योएन्सू यांच्याकडे १९९६ पासून जठराच्या जिस्टने ग्रासलेली एक पन्नाशीची स्त्री उपचार घेत होती. गाठी यकृतात पसरल्या होत्या, केमोथेरपी, थॅलिडोमाइड आणि इंटरफेरॉन यांपैकी कशाचाही उपयोग झाला नव्हता. तिच्या गाठीत किट उत्परिवर्तन असल्याची खात्री करून मार्च २००० मध्ये तिला रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू केले गेले. महिन्याभरात पीईटी चित्रणात गाठींची साखर शोषून घेण्याची क्रिया दिसेनाशी झाली, आणि पुन्हा घेतलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या दाट पेशींच्या जागी विरळ, जेलीसारखी व व्रणासारखी ऊती आढळली. एप्रिल २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने या एकाच रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बोस्टनच्या जॉर्ज डेमेट्री यांच्या नेतृत्वाखालील १४७ रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिक, ५३.७ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणि १ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेत या रोगासाठी औषधाला मान्यता मिळाली. हिरोता यांच्या निबंधाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

या घटनेने विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावरील काचपट्टीचे महत्त्व पार बदलून गेले. जिस्टला लिओमायोसार्कोमा म्हणणे आता केवळ शास्त्रीय चूक उरली नाही; त्या चुकीमुळे रुग्णाला जीव वाचवणारे औषध नाकारले जात होते, आणि उलट बाजूने खऱ्या स्नायूगाठीला जिस्ट म्हटले तर निरुपयोगी औषध दिले जात होते. त्यामुळे सीडी ११७ ची तपासणी जगभर एकाएकी सुरू झाली आणि घाईत नवे दोषही निर्माण झाले. प्रतिपिंडाचे प्रमाण चुकले किंवा मेणातील कापावर प्रक्रिया करण्याची पद्धत बदलली, तर आतड्याच्या आवरणातील तंतुमय गाठीसुद्धा किट असल्यासारख्या रंगू लागल्या आणि काही रुग्णांना जिस्ट नसताना ते असल्याचे सांगितले गेले. म्हणून मास्ट पेशी आणि काहाल पेशी या निरोगी ऊतीतील पेशी त्याच कापात बरोबर रंगल्या आहेत का, हे आधी पाहण्याची शिस्त रूढ झाली.

गाठ पुढे कशी वागेल, हा स्टाउट यांच्या काळापासूनचा प्रश्न अजून शिल्लक होता. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सौम्य आणि घातक अशी सरळ विभागणीच सोडून दिली आणि गाठीचा आकार व तिच्यात विभाजनाच्या अवस्थेत सापडणाऱ्या पेशींची संख्या यांवरून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या. या पायऱ्यांना भक्कम आधार मिळाला तो जुन्या मेणाच्या ठोकळ्यांतून. वॉशिंग्टनच्या सैनिकी विकृतिशास्त्र संस्थेत अनेक दशकांचे ठोकळे, काचपट्ट्या आणि रुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या होत्या. मिएत्तिनेन, लेस्ली सोबिन आणि येझी लासोता यांनी त्यांतून जुन्या नावांखाली दडलेल्या गाठी शोधून, नव्या प्रतिपिंडांनी तपासून, जठराच्या १,७६५ आणि लहान आतड्याच्या ९०६ जिस्ट गाठींचा दीर्घकालीन वृत्तान्त २००५ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पाच ते दहा सेंटिमीटरची, मंदपणे विभागणारी गाठ जठरात असेल तर ती सुमारे ३.६ टक्के रुग्णांत पसरते आणि तशीच गाठ लहान आतड्यात असेल तर सुमारे २४ टक्के रुग्णांत, हे त्यांनी दाखवले. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे भवितव्य केवळ जागेमुळे कित्येक पटींनी बदलते. पश्चिम स्वीडनमध्येही १९८३ ते २००० या काळातील साठवलेल्या ऊतींची अशीच फेरतपासणी झाली आणि दर वर्षी दर दहा लाखांमागे सुमारे १४.५ रुग्ण असे प्रमाण निघाले. रोग नवा नव्हता, नोंद नवी होती. ज्यांनी ते ठोकळे मेणात बसवले, क्रमांक टाकून कपाटात ठेवले, त्या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. तरीही त्यांच्या नेटक्या कामाशिवाय ही दुरुस्ती अशक्य होती.

किट न रंगणाऱ्या मोजक्या गाठींनीही बरेच शिकवले. ओरेगनमधील मायकेल हाइनरिख आणि क्रिस्टोफर कॉर्लेस यांच्या गटाने २००३ मध्ये अशा काही गाठींत किटच्या शेजारच्याच, चौथ्या गुणसूत्रावरील पीडीजीएफआरए या जनुकात उत्परिवर्तन शोधले. त्यातील डी८४२व्ही या बदलावर इमॅटिनिब निष्प्रभ ठरते, म्हणून केवळ जिस्ट हे निदान पुरेसे नाही, कोणते उत्परिवर्तन आहे हेही कळले पाहिजे, हा विचार रुजला. या बदलावर उपयोगी पडणारे ॲव्हाप्रिटिनिब हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्य झाले. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉग-१ हे प्रथिन सापडले आणि किट नसलेल्या बऱ्याच गाठीही त्यावरून ओळखता येऊ लागल्या. मेयो क्लिनिकच्या जे. एडन कार्नी यांनी १९७७ मध्ये मुख्यतः तरुण मुलींत जठराची लिओमायोसार्कोमा, फुप्फुसातील कूर्चेची गाठ आणि मज्जातंतूंशी निगडित आणखी एक गाठ अशा तिहेरी रोगाचे वर्णन केले होते. त्यातील जठराची गाठ प्रत्यक्षात जिस्टचाच एक वेगळा प्रकार निघाली, ज्यात किट उत्परिवर्तन नसते, तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सक्सिनेट डीहायड्रोजिनेझ या विकराचा अभाव असतो. या विकराच्या एका घटकाचा रंग पेशींत न उठणे, हेच इथे निदान असते.

भारतात या निदानाला औषधाच्या किमतीचा प्रश्न येऊन भिडला. इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्यांनी बनवलेले तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत मिळू शकत होते. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला, आणि ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला गुणकारितेत खरी वाढ असल्याशिवाय पेटंट देता येत नाही, या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. या निकालामुळे औषध सामान्य कुटुंबाच्या आवाक्याच्या जवळ आले, हे निःसंशय. परंतु औषध स्वस्त झाले तरी ते कोणाला द्यायचे हे ऊतीच सांगते, आणि त्यासाठी तुकडा वेळेत व योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये ठेवला जाणे, प्रतिपिंडांची तपासणी होणे आणि शक्य तिथे उत्परिवर्तनाची चाचणी होणे आवश्यक असते.

आपल्याकडे अनेक ठिकाणी मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्णाचे नातेवाईकच पिशवीतून नेतात. ज्या कुटुंबात जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतील गाठ काढली गेली असेल, विशेषतः जुन्या अहवालात लिओमायोमा किंवा लिओमायोसार्कोमा असे लिहिले असेल, त्यांनी तो अहवाल आणि तो ठोकळा टाकून देऊ नये. प्रयोगशाळेकडून मागून घेऊन, कोरड्या आणि थंड जागी ठेवून, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा आणि सीडी ११७ व डॉग-१ या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारावे.